भुऱ्याने खाल्लेल्या गोळ्या

आमच्या घरात भांडं पडलं की सगळे जागच्या जागी थांबत. माय चुलीपाशी असली तर तिचा हात तसाच राही, बाबा कोठ्यात बैलांना तणस टाकत असले तर तिथूनच मान वर करत, आणि मग कोणीतरी हाक मारी, “निमा?” सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या वाडीतून, ताईचा आवाज येई की मीच आहे, लोटा निसटला. मग घर पुन्हा चालू होई. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांच्या घरी असंच असतं. पुढे मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले, तिच्या आजीच्या हातून पितळेचं ताट धाडकन पडलं आणि कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या घराची मला जरा भीतीच वाटली होती.

निमाताईला मिरगी होती. हा शब्द आमच्याकडे कधी उच्चारला गेला नाही. “तिला ते झालं” एवढंच म्हणायचं, तेही दार लोटून. पहिल्यांदा झालं ते धानाच्या रोवणीच्या दिवसांत, बांधीत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या खाचरात. रोपांची मूठ हातात असताना ती चिखलात आडवी झाली आणि तिच्या टाचा पाणी उडवू लागल्या. रोवणीला आलेल्या बाया म्हणाल्या, ऊन लागलं. मायनं ते ऊन पक्कं धरून ठेवलं. पुढे कोणी विचारलं की तिचं उत्तर तयार असे, पोरीला उन्हाचा त्रास आहे. प्रतापगडच्या दर्ग्यावर जाऊन आली, गळ्यात काळा दोरा बांधून झाला, एका म्हाताऱ्यानं दिलेली मुळी उगाळून पाजून झाली. शेवटी बाबा तिला गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि पांढऱ्या, मसुरीपेक्षा जरा मोठ्या गोळ्या घेऊन आले. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरांनी बाबांना दोनदा बजावलं होतं की खाडा करायचा नाही, एकदम बंद झाली तर झटका जोरानं येईल.

गोळ्यांनी गुण आला. झटके इतके विरळ झाले की गाव उन्हाची गोष्टही विसरून गेलं. आमची भीती मात्र विरळ झाली नाही. ताईला विहिरीवर एकटं पाठवायचं नाही, तलावावर धुणं घेऊन जायचं तर मी बरोबर, चुलीपाशी बसली तर मी दाराशी. मी तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. लोक हसून म्हणत की बेबी म्हणजे निमाची सावली. मी का सावली आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. ताईला ते आवडत नसे. ती कधी कधी मुद्दाम भरभर चालायची आणि मी मागून पळत सुटले की बांधावर थांबून म्हणायची, “पडली नाही अजून. ये आरामात.”

गोळ्या गोरेगावात मिळत होत्या, पण बाबा तिथून घेत नसत. गोरेगावचा बाजार म्हणजे आमच्या सगळ्या नात्यागोत्याचा बाजार. औषधाच्या दुकानात कोण शेजारी उभं असेल आणि काय ऐकेल याचा नेम नव्हता. म्हणून दर महिन्याला एसटीनं गोंदिया. आणल्यावर माय कागदाची पुडी गुळाच्या डब्यात ठेवायची, गुळाच्या ढेपेला टेकवून. डाळीच्या डब्यात शेजारणीचा हात जायचा, मिठाच्या मडक्यात जायचा, पण गुळाचा डबा मुंग्यांसाठी उंच फळीवर असल्यानं तिथं मायशिवाय कोणी पोचत नसे. ताई गोळी घ्यायची ती स्वयंपाकघराच्या दाराआड, भिंतीकडे तोंड करून. त्या गोळ्यांना आणि पुडीच्या कागदाला कायम गुळाचा चिकट वास असे.

आता भुऱ्याबद्दल. खळ्यावर धानाची मळणी चालू असताना एक राखी रंगाचं पिल्लू तणसाच्या ढिगात सापडलं आणि ताईनं ते ओच्यात घालून घरी आणलं. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग रात्री स्वतःच त्याच्यावर पोतं टाकलं. हे पिल्लू मोठं होऊन कुत्रा झालं तरी त्याला एक खोड राहिली. त्याला खाण्याचं आणि न खाण्याचं कळत नसे. भात आणि लाखोळीचं वरण तो खायचाच, पण अंघोळीचा साबण चाटून चाटून सुपारीएवढा करायचा, देवापुढच्या तुपाच्या वाती निरांजनातून ओढायचा, बाबांची तंबाखूची चंची चावून गिळायचा आणि नंतर सांदवाडीत ओकत बसायचा. माझ्या दप्तराचा पट्टा त्याच्या पोटात गेला. मामाजी एकदा मुक्कामी आले तर त्यांच्या नव्या चपलेचा अंगठा गेला. मायनं गोधडी शिवायला काढलेला दोरा तो गिळत होता तेव्हा ताईनं त्याच्या जबड्यात हात घालून हातभर दोरा बाहेर काढला होता, आणि सुई टोकाला नव्हती हे पाहून तिथंच मटकन बसली होती. तो तिचाच कुत्रा. ती अंगणात आली की शेपूट हलवत नसे, नुसता उठून तिच्या पायाशी येऊन बसे.

आज मी गोंदियात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. नातवानं हौसेनं पाळलेला एक पिवळा धिप्पाड कुत्रा आहे. त्यानं गेल्या महिन्यात मोबाइलच्या चार्जरची वायर खाल्ली. घरात हशा पिकला, सुनेनं फोटो काढला, डॉक्टरांना व्हिडिओ कॉल झाला, वरच्या मजल्यावरची बाई येऊन म्हणाली, “आंटीजी, टेन्शन मत लो, निकल जायेगा.” निघालंही. पण दिवसभर मी त्या कुत्र्याच्या मागे मागे फिरत होते, तो कसा चालतो ते बघत. सून म्हणाली, आई, तुम्ही इतक्या का घाबरता. तिला सांगायला घेतलं आणि लक्षात आलं की हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नाही.

मामाजी म्हणजे मायचे सख्खे भाऊ. त्यांनी ताईसाठी एक स्थळ आणलं. मुलगा पंचायत समितीत नोकरीला, घरी ओलिताची जमीन, स्वतःची फटफटी. मामाजींना ताईच्या आजाराबद्दल काही माहीत नव्हतं. मायनं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाबा आणि माय धान साठवायच्या ढोलीआड कुजबुजत होते. बाबांचं म्हणणं पडलं की लग्नानंतर गोळ्या आपणच पोचवत राहू, सणावाराला, येताजाता. मायनं विचारलं की किती वर्षं. ताई पलीकडे तांदूळ निवडत होती आणि सुपाचा आवाज मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला होता.

त्या सकाळी घर पहाटेपासून उठलेलं होतं. अंगण शेणानं सारवलं, सपरीत म्हणजे पुढच्या ओसरीवर बाज टाकून तिच्यावर शेजाऱ्यांची सतरंजी अंथरली. मायनं उडदाची डाळ वाटली, वडे तळायला कढई चढवली आणि गोडाच्या सुवाऱ्यांसाठी, म्हणजे पुऱ्यांसाठी, गुळाचा डबा फळीवरून खाली काढला. ढेप फोडताना पुडी बाजूला काढून तिनं जात्यावर ठेवली. सकाळची गोळी ताईला द्यायची होतीच. तेवढ्यात मामाजींनी पुढे पाठवलेला निरोप आला की मंडळी निघाली, आणि माय हात धुवत बाहेर गेली. ती परत आली तेव्हा जात्याखाली कागदाचा एक ओला कपटा होता, आणि भुऱ्या जिभेनं नाक चाटत होता.

माय ओरडली नाही. तिनं खाली बसून जात्याभोवतीचं पीठ हातानं चाळलं. मग मला म्हणाली की दार लाव. आम्ही दोघींनी चुलीमागे, पोत्याखाली, कढईच्या बुडाशी शोधलं. एकही गोळी मिळाली नाही. महिना सरत आला होता, पुडीत फार नव्हत्या, पण होत्या त्या सगळ्या गेल्या होत्या. बाबांना आत बोलावलं. त्यांनी हिशेब केला तो एसटीचा. गोंदियाची गाडी गाठायची तर आत्ता निघावं लागेल, आणि पाहुणे दारात येत असताना घरधनी गाडीत बसलेला कसा चालेल. एका दिवसानं काही होत नाही, असं ते म्हणाले, आणि म्हणताना ताईकडे नाही, कढईकडे पाहत होते. ताईनं डोक्यावरून नवं पातळ सारखं केलं आणि विचारलं, “अन् भुऱ्याचं का?” त्याला काय होतं, साबण पचवला त्यानं, असं बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

त्यानंतरचा वेळ मी दोन जिवांवर नजर ठेवून काढला. ताई आत पाटावर बसलेली, हातात पानाचं तबक, आणि मी तिच्या बोटांकडे बघतेय, कारण झटका यायच्या आधी तिच्या डाव्या हाताची बोटं आखडायची. मग उठून दारातून सांदवाडीत बघायचं, तर भुऱ्या पपईच्या झाडाखाली पडलेला. आधी नुसता झोपलेला वाटला. पुन्हा पाहिलं तर उठून उभा होता, मागचे पाय एकमेकांत अडकत होते आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी मायच्या कानात सांगितलं. तिनं मला चिमटा काढून गप्प केलं, कारण बाहेर फटफटीचा आवाज आला होता.

मुलगा सावळा, किडकिडीत, बोलताना खाली बघणारा. त्याचे आईवडील मामाजींबरोबर बैलगाडीनं आले. वडील ऐसपैस बाजेवर बसले, आई चटईवर. पाण्याचे लोटे झाले, धानाच्या गोष्टी झाल्या, शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं कालवडीला चावलं त्याचीही चर्चा झाली. वड्यांच्या ताटल्या मी नेऊन ठेवल्या. आता ताईला बाहेर बोलवायचं, एवढ्यात घराच्या बाजूच्या बोळीतून भुऱ्या अंगणात आला.

तो मद्यप्यासारखा चालत होता. भिंतीला खांदा घासत, दोन पावलं टाकून आडवा पडत, पुन्हा उठत. डोळे अर्धे मिटलेले आणि छातीवर लाळ. मुलाच्या वडिलांनी पाय वर घेतले आणि म्हणाले, हे तर पिसाळलं आहे. मामाजींनीही पाहिलं आणि बाबांना सांगितलं की वाट पाहू नका, पोरंसोरं आहेत घरात. शेजारचे दोघं कुंपणाशी आले. कोणी दगड उचलला. भुऱ्या पाहुण्यांच्या दिशेनं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे, ताई बसली होती तिकडे जायचा प्रयत्न करत होता.

बाबांनी सपरीच्या कोपऱ्यातली काठी उचलली. वाघराच्या भीतीनं रात्री शेतावर जाताना नेत ती, तळाशी लोखंडी कडं असलेली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भुऱ्यानं काय खाल्लं होतं ते त्यांना ठाऊक होतं. मायला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. माय खांबाला धरून उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. माझ्याही निघाला नाही. बाबा अंगणात उतरले, त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. काठी एकदा पडली की सगळं मिटणार होतं.

ताई बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, हातात ते तबक तसंच. ती बाबांच्या आणि भुऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“बाबा, मारू नोका त्याले. तो पिसाळला नाही. त्यानं माह्या गोळ्या खाल्ल्या.”

बाबा हळू आवाजात म्हणाले, “निमा, आत जा.”

ती गेली नाही. मग मुलाच्या आईनं चटईवरूनच विचारलं, “कायच्या गोळ्या?”

“मिरगीच्या,” ताई म्हणाली. “मले झटके येतेत. लहानपनापासून.”

आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला, आणि तो सगळ्या गावासमोर. बाबांनी काठी खाली टेकवली आणि तिच्यावर भार देऊन उभे राहिले. मामाजी मायकडे बघत होते, रागानं नाही, एखादी वस्तू ओळखीची वाटावी पण नाव आठवू नये तसे. मुलाचे वडील चप्पल शोधू लागले. ताई मात्र खाली बसली होती, भुऱ्याचं डोकं तिनं नव्या पातळावर घेतलं होतं आणि लाळ पदरानं पुसत होती.

मुलगा उठला. त्यानं जवळ येऊन भुऱ्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला आणि बाबांना म्हणाला, “गोरेगावले जनावराचा दवाखाना हाय. कुत्रं धरून मागं बसता का?” बाबांना ते कळायला वेळ लागला. मग मी पोतं आणलं, त्यात भुऱ्याला गुंडाळलं, आणि पाहुण्यांसाठी इस्त्रीचा सदरा घातलेले माझे बाबा, जावई म्हणून पाहायला बोलावलेल्या त्या मुलाच्या मागे, त्या कुत्र्याला लहान मुलासारखं मांडीवर घेऊन बसले. फटफटी पांदणीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मुलाच्या वडिलांना हे मुळीच आवडलं नव्हतं, पण मुलगा परत आल्याशिवाय त्यांना निघताही येईना.

त्या थांबण्यातच ताईला झटका आला. ऊन कललं होतं. ती खांबाला टेकून बसली होती, मी तिची बोटं पाहिली आणि मायला हाक मारायच्या आत ती कुशीवर गेली. तबक सपरीवरून घरंगळत अंगणात गेलं. मुलाचे वडील म्हणाले, चप्पल हुंगवा तिले, आणि स्वतःची पुढे केली. मायनं तो हात बाजूला सारला. “चप्पल नोको,” ती म्हणाली, “तिले हवा लागू द्या.” मुलाची आई आधी मागे सरकली होती, भिंतीला जाऊन चिकटली होती. मग ती पुढे आली, अंगावरची शाल काढून तिची घडी केली आणि ताईच्या डोक्याखाली दिली. शेजारी कुंपणावरून बघत होते. मी इतकी वर्षं याच क्षणाची भीती बाळगली होती की चारचौघांत हे झालं तर काय होईल. झालं ते एवढंच, की थोड्या वेळानं तिचे पाय शांत झाले, तिनं डोळे उघडले आणि भुऱ्या कुठं आहे असं विचारलं.

ते लग्न झालं नाही, हे सांगायला हवं. काही दिवसांनी मामाजींकडून निरोप आला. मुलाच्या आईनं म्हणे सांगितलं होतं की पोरगी खरी आहे, पण आमच्यानं होणार नाही. मुलाचं काय म्हणणं होतं ते कोणी विचारलं नाही. मामाजी पुढे वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत. त्यांना आजाराचा राग नव्हता, सख्ख्या बहिणीनं लपवल्याचा होता. काही घरांनी रोवणीला ताईला बोलावणं बंद केलं. नंतर ती अंगणवाडीत लागली आणि बऱ्याच उशिरा देवरीकडच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. तो पाहायला आला तेव्हा पाण्याचा लोटा त्याच्या हाती देतानाच तिनं त्याला सांगितलं होतं. आता ती म्हातारी झाली आहे. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं की त्या दिवशी तू बाहेर आलीस ती विचार करून आलीस का. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, “विचार कायचा? त्याले मारलं असतं अन् माहं लगन झालं असतं, तर मी अक्षदा कशा झेलल्या असत्या, बेबी?” आणि शेंगा सोलत राहिली.

पण त्या संध्याकाळी यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी फटफटी परत आली. भुऱ्या पोत्यात झोपलेला होता, श्वास जड पण एकसारखा. दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं होतं की थोड्या गोळ्या होत्या म्हणून वाचला, आता झोपू द्या, कूस बदलत राहा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, आणि उठल्या उठल्या पोत्याचा कोपरा चघळू लागला. त्या संध्याकाळी फटफटी परत येताच पाहुण्यांनी गाडी जुंपली. मुलानं ताईकडे एकदा पाहिलं, बाबांना नमस्कार केला आणि गेला.

बाबांच्या सदऱ्यावर लाळ वाळली होती. त्यांनी खिशातून एक नवी पुडी काढली. गोरेगावातच घेतली, असं त्यांनी मायला सांगितलं. दुकानात आमच्या गावचे दोघं उभे होते आणि बाबांनी त्यांच्यासमोर औषधाचं नाव घेऊन मागितली होती. ताई दाराआड जायला उठली, नेहमीच्या सवयीनं. बाबा म्हणाले, “इथंच घे.” मग मला पाणी आणायला सांगितलं. मी लोटा भरून आणला. कुंपणापलीकडे अजून दोन-तीन बाया उभ्या होत्या. ताईनं अंगणाच्या मधोमध उभं राहून गोळी जिभेवर ठेवली, मान मागे केली आणि लोटा तोंडाला लावला. बाबा तिच्या शेजारी उभे राहिले, ती पाणी पिऊन होईपर्यंत.